तिसऱ्या पेल्यातला धूर

"तू किसन्याचा की रे?"

क्लबच्या हॉलात, सगळ्यांच्या देखत. माझ्या अंगात नवा टेरिलिनचा शर्ट होता, गळ्यात टाय होता, मिलच्या रंगखात्यात मी केमिस्ट होतो. बी.एस्सी. झालेला. माझ्या बापाचं नाव किसन. गावात त्याला कुणी किसन म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मरून इतकी वर्षं झाली, तरी तो किसन्याच.

आणि मी काय म्हणालो?

"व्हय, मालक."

आपसूक निघालं. मान खाली गेली, हात पुढं जुळले, पाठ वाकली. कॉलेजात चार वर्षं घासून घेतलेली भाषा त्या एका हाकेसरशी गळून पडली. हाक मारणारे मल्लिनाथ मालक खूश झाले. आमच्याच गावचे, माझ्याच वयाचे. त्यांचं घराणं गावातलं मोठं. आजोबांपासून सगळ्या घराला 'मालक' म्हणायची रीत. आता ते मिलला कापूस पुरवायचे आणि क्लबचे मेंबर होते. मी त्यांना 'मालक' म्हणालो आणि ते मला 'तू' म्हणाले, यात हॉलमधल्या कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

मॅनेजर साहेब म्हणाले, "अरे वा, म्हणजे तुमच्याच गावचे! मग आज मजा आहे. धुराचं आणि दारूचं यांना आपल्यापेक्षा जास्त कळणार. भट्टीवरच वाढलेले असतात हे लोक."

सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत शेवटी हसायचा थांबलो तो मीच.

आमच्या घरात कधी भट्टी नव्हती. दारूचा थेंब नव्हता. हे मी तिथंच, त्याच वेळी सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. मूग गिळून खुर्चीवर बसलो.

मी तिथं का गेलो होतो, तेही सांगतो. लपवून काय करू? मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सोलापुरात बी.एस्सी. झालेली पोरं खडी फोडायच्या कामावर जाऊन आली होती. मला मिलमध्ये जागा मिळाली, पण तात्पुरती. कायम करायचं की नाही, ते मॅनेजर साहेबांच्या हातात होतं. एक दिवस त्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "काम चांगलं आहे तुमचं. पण ऑफिसर करायचा म्हणजे माणूस आपल्यात बसण्यासारखा आहे का, तेही बघावं लागतं. शनिवारी संध्याकाळी क्लबात या." दारूचं परमिट क्लबनंच काढून दिलं. माझ्या प्रकृतीला दारूची गरज आहे, असं सरकारनं मान्य केलं.

मी बौद्ध. पाचवं शील दारूला न शिवण्याचं. बुधवार पेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याचं विहार होतं, तिथं रोज संध्याकाळी माझी आय बायांना शीलं म्हणायला लावायची. चार शीलं नेहमीच्या आवाजात. पाचव्याला तिचा आवाज चढायचा. दारू पिऊन आलेल्या दोन-तीन नवऱ्यांच्या डोक्यावर तिनं बादली ओतलेली सगळ्या गल्लीनं पाहिली होती. त्या बाईचा मी एकुलता एक मुलगा.

"मिलमधी मीटिंग हाय, आय," मी सांगितलं.

"गळ्यात ते बांदून?"

"सायेब लोकांची हाय."

ती जवळ आली आणि टायची गाठ सारखी करायला लागली. तिला गाठीतलं काही कळत नव्हतं. पण लेक साहेबांत चाललाय म्हणून हात लावायचा होता. उजवा हात. तो मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला आहे, कातडी आक्रसून चकचकीत झालेली. मी नेहमीसारखी नजर दुसरीकडं वळवली. त्या हाताकडं मी लहानपणापासून कधी नीट बघू शकलो नाही. तो हात माझ्यामुळं भाजला, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. आम्ही दोघं त्याबद्दल कधीच बोललो नव्हतो.

क्लबात त्या संध्याकाळचे पाहुणे होते धाकटे साहेब, मिलमालकांचे पुतणे. स्कॉटलंडात कापडाचं शिक्षण घेऊन नुकतेच परतले होते. येताना तीन बाटल्या आणल्या होत्या आणि तिथली एक रीतही. टेबलावर छोटे लांब मानेचे पेले मांडले होते. बाजूला बशांत खारे काजू, आणि शेंगाची चटणी घातलेले कडक भाकरीचे तुकडे. आमच्या घरचं जेवण तिथं चकणा झालं होतं.

धाकटे साहेब चांगले वाटले. उत्साही. हात नाचवत समजावून सांगत होते. तिथं दलदलीत झाडपाला कुजून कुजून काळा चिखल होतो. त्याला पीट म्हणतात. त्याच्या विटा कापायच्या, वाळवायच्या आणि जाळायच्या. त्या धुरावर भिजवलेले जव वाळवायचे. तो धूर दाण्यात शिरतो, दाण्यातून दारूत उतरतो आणि वर्षानुवर्षं पिंपात राहूनही जात नाही. "म्हणजे शेणी-गोवऱ्याच की त्यांच्या," मल्लिनाथ मालक म्हणाले. पुन्हा हशा.

मग त्यांनी रीत सांगितली. पेला नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे. एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा. आणि उभं राहून सांगायचं, कशाची आठवण आली. "चांगलं, वाईट असं काही नाही. पहिली जी आठवण येईल ती. एकच नियम, खोटं बोलायचं नाही."

पहिला पेला आला. मी डोळे मिटले. आयचा चेहरा समोर आला, पाचव्या शीलाच्या वेळचा. मी घोट घेतला.

मला आवडला. हे सांगायला जीभ जड होते, पण ते खरं आहे. घशातून ऊब उतरली, खांदे सैल झाले. आपण या खुर्चीत शोभतोय असं वाटलं. शेजारच्या डॉक्टरांनी "अगदी ड्रेसिंगरूमचा वास, टिंक्चर आयोडीन!" म्हटल्यावर मी ओळखीचं असल्यासारखी मान डोलावली. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "लॅबोरेटरीची आठवण येते, साहेब. फिनॉलची." मॅनेजर साहेबांनी मान हलवली. ती मान हललेली पाहून मला जो आनंद झाला, त्याची आज शिसारी येते. दुसऱ्या पेल्याला कुणाला महाबळेश्वरच्या बंगल्यातली शेकोटी आठवली, कुणाला यज्ञ. मी काहीतरी बोललो आणि लोक "बरोबर, बरोबर" म्हणाले. मनात म्हटलं, झालं. आपण कायम झालो.

तिसरी बाटली सगळ्यांत धुरकट, असं धाकटे साहेब सांगत होते. पेला माझ्या हातात आला. नाकाशी नेला.

ओला धूर. पाणी पडलेली राख. जळका कडबा, जळकी ज्वारी, भिजलेल्या चिंध्या.

हात थांबला. घोट घेतलाच नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा होतो. आमच्या लोकांनी नुकताच धम्म घेतला होता. देव्हारे रिकामे केले. मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं ठरलं, आणि मल्लिनाथ मालकांच्या आजोबांच्या दारी जाऊन ते सांगणारा माझा बाप होता. त्या दिवसापासून आम्हांला गावात काम नव्हतं, दुकानात मीठ नव्हतं. आमचं खोपट महारवाड्याच्या अगदी कडेला. शेजारी तुळसाआजी राहायची. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिचा मुलगा नामा, आम्ही त्याला नामामामा म्हणायचो, सोलापूरला हमाली करायचा.

काडेपेटी महाग म्हणून आमच्याकडं चुलीतला विस्तव विझू द्यायची पद्धत नव्हती. काम झालं की निखारे राखेत झाकायचे, पुन्हा लागले की उकरून फुंकायचे. हे काम माझं. चैत्रातली संध्याकाळ होती. आय सरपणाला निघाली होती, बाप तालुक्याला गेलेला. जाताना ती म्हणाली, "वारं सुटलंय. इस्तू नीट झाक रं." मी व्हय म्हणालो. बाहेर पोरं विटीदांडू खेळत होती. मी तसाच पळालो.

अंधार पडल्यावर ओरडा ऐकू आला. मी वळून पाहिलं तर आमचं घर जळत होतं. मग तुळसाआजीचं. मग वाऱ्यानं सगळी ओळ धरली. आय सरपणाचा भारा टाकून धावत आली आणि सरळ तुळसाआजीच्या खोपटात शिरली. आजीचा हात तिच्या हाताला लागला होता, असं ती पुढं एकदाच बोलली. तेवढ्यात वरचा वासा खाली आला. आय बाहेर आली, भाजलेला हात घेऊन. एकटीच.

पहाटे वळवाचा पाऊस पडला. उरलेलं सगळं भिजलं. तो वास कितीतरी दिवस माझ्या नाकातून गेला नाही.

फौजदार आला. तो आधी मालकांकडं जेवला, मग आमच्याकडं आला. म्हणाला, चुलीतली ठिणगी उडाली. पहिलं घर कुणाचं पेटलं? चूल कुणाची? सगळा महारवाडा आयकडं बघत होता. आयनं माझ्याकडं बघितलं. एकदाच.

"माजी," ती म्हणाली. "म्याच झाकाय इसरले."

मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आम्ही गाव सोडलं, सोलापुरात आलो. बाप मालधक्क्यावर ओझी वाहून वाहून गेला. नामामामा आमच्याच गल्लीत राहायचा. दरवर्षी चैत्रात, आजी गेली त्या दिवशी, आय त्याच्या घरी जाऊन त्याच्या पायावर डोकं ठेवायची. वयानं ती त्याच्याहून मोठी. तो पाय मागं घ्यायचा नाही. मी दारात उभा राहून बघायचो. शाळेत असताना बघितलं, कॉलेजात असताना बघितलं. दरवर्षी वाटायचं, आज सांगू. दरवर्षी घरी येऊन जेवायचो.

हे सगळं त्या पेल्यात होतं. मी काय सांगणार होतो उभा राहून? ठरवलं, चुलीची आठवण आली म्हणू. लोक हसतील. हसू देत.

माझ्याआधी पाळी मल्लिनाथ मालकांची होती. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि मांडीवर थाप मारली.

"हे मला लगेच ओळखू आलं की! सांगू? मी नऊ-दहा वर्षांचा असंन. उन्हाळा. आजोबांनी आम्हा सगळ्या पोरांना दिवेलागणीच्या आधी जिन्यानं वर माळवदावर नेलं. घोंगडी टाकली. भाजलेल्या शेंगा दिल्या, गूळ दिला. म्हणाले, खालच्या अंगाला बघत बसा, आज गंमत हाय. आन् अंधार पडला तसं कडेचं एक खोपट पेटलं की. मग दुसरं. लई उंच जाळ! आम्ही टाळ्या पिटत होतो. पहाटं पाऊस झाला. सकाळी उठलो तर सगळ्या गावात वास. हाच वास. अगदी हाच."

"वा!" धाकटे साहेब म्हणाले. "आजच्या संध्याकाळचं सगळ्यांत सुंदर वर्णन!"

टाळ्या पडल्या. माझेही हात सवयीनं वर आले होते. ते मी मांडीवर दाबून धरले.

मालक बसता बसता माझ्याकडं वळले. "तुला आठवत असंल की रे. पयलं तुमचंच पेटलं होतं."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. इतकी वर्षं एकाच गोष्टीभोवती फिरणारं माझं डोकं हळूहळू दुसरीकडं वळायला लागलं. घाण्याच्या बैलाला कुणी जू काढून सोडलं तर तो तसाच थोडा वेळ गोल फिरतो, तसं झालं.

"मालक," मी म्हणालो, "दिवेलागणीच्या आधी नेलं तुमाला वर?"

"व्हय की. उजेड होता चांगला."

"आग तर अंधार पडल्यावर लागली."

त्यांनी बशीतला काजू उचलला होता. तो हातातच राहिला.

"उन्हाळ्यात बसतातच की माळवदावर," ते म्हणाले.

"मग गंमत कशाची होती?"

मालकांच्या तोंडावर तेव्हा जे आलं, ते मी विसरणार नाही. त्यांनाही आत्ताच कळत होतं. लहानपणी पाहिलेली मजा त्यांनी कधी उलटीपालटी करून बघितलीच नव्हती. बघायची गरज काय पडली होती? माळवदावरून दिसतं तेवढं पुरेसं होतं.

आता खरं सांगतो. मला पहिल्यांदा राग आला नाही. पहिल्यांदा पाय हलके झाले. माझ्या हातून झालं नाही. चुलीनं केलं नाही. मी सुटलो, एवढंच मनात आलं. आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. आंधळी म्हातारी जिवंत जळाली, आणि मी तिथं दारूच्या टेबलाशी बसून स्वतःची सुटका मोजत होतो. ज्यांनी पेटवलं त्यांच्या नातवाच्या पंगतीला, भरलेला पेला हातात धरून.

"अहो, जुन्या गोष्टी," मॅनेजर साहेब मोठ्यानं म्हणाले. "लहान मुलाला काय आठवतं, काय नाही. चला, पाळी तुमची. सांगा, वास कशाचा?"

मी उभा राहिलो.  

"तुळसाआजीचा."

"कुणाचा?"

"आंधळी होती. आमच्या शेजारी राहायची. मालकांनी शेंगा खात बघितली ती आग. आजी तिच्यात होती."

धाकट्या साहेबांनी पेला खाली ठेवला. डॉक्टर छताकडं बघायला लागले. मी थांबलो नाही. आवाज माझा होता की नव्हता, मला कळत नव्हतं.

"मॅनेजर साहेब, माझ्या घरात भट्टी नव्हती. माझ्या आयनं घरात कधी दारू येऊ दिली नाही. मी आज पहिल्यांदा प्यालो. तुमच्यात बसायला मिळावं म्हणून प्यालो."

"बसा खाली," ते म्हणाले. "टाय सैल करा. चढलीय तुम्हांला."

मालक उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ए किसन्याच्या, तोंड सांभाळ. कुणाचं नाव घेतोयस, कळतंय का?"

हीच हाक. तासाभरापूर्वी तिच्यापुढं मी वाकलो होतो. आता मान ताठ राहिली. मला स्वतःलाच नवल वाटलं.

"माझ्या बापाचं नाव किसन होतं. किसन म्हणा, नाहीतर घेऊ नका."

माझा तिसरा पेला तसाच भरलेला होता. तो मी त्यांच्यासमोर ठेवला. "हा तुमचा. वास तुम्ही ओळखलात. तुम्हीच संपवा."

मी बाहेर पडलो. धाकटे साहेब फाटकापर्यंत मागं आले. हातात तिसऱ्या बाटलीचं बूच होतं. "मला खरंच माहीत नव्हतं," म्हणाले. खरंच माहीत नसणार. त्यांना माहीत असावं लागत नाही. मी चालायला लागलो.

सात रस्त्यापासून बुधवार पेठेपर्यंत चालत आलो. मिलचा भोंगा झाला, पाळी सुटली, लोक सायकलींवरून घरी निघाले होते. त्यांच्यात आमच्या गल्लीतले दोघं-तिघं होते. मी तोंड फिरवलं. तोंडाला वास होता.

आय विहारातून येऊन उंबऱ्यावर बसली होती. मी बूट काढायला तिच्यासमोर वाकलो. माझा श्वास तिच्या तोंडावर गेला असणार. ती ताडकन उठली.

"कुटं पेटलं?"

गल्लीत धावली ती. शेजारच्या कौलांकडं बघितलं, पलीकडच्या पत्र्यांकडं बघितलं. "पोरास्नी भाईर काडा गं!" म्हणून ओरडली. दोन-चार दारं उघडली. मग ती थांबली. हवेत काही नव्हतं. हळूहळू मागं आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तोंड उगड."

मी उघडलं. मोठा माणूस, टाय लावलेला, आईसमोर तोंड उघडून उभा. तिनं वास घेतला. तिचा भाजलेला हात तिनं दुसऱ्या हातानं धरला.

"पिलास?"

"व्हय."

"आन ह्यो धूर कुठला?"

मी सगळं सांगितलं. उंबऱ्यावर बसून. माळवद, घोंगडी, शेंगा, गूळ. आज गंमत हाय. सांगून झालं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ती मला जवळ घेईल, असं मला कुठंतरी वाटत होतं. म्हणून मी म्हणालो, "आय, आपली चूक नव्हती."

तिनं माझ्याकडं बघितलं. फौजदारासमोर बघितलं होतं तसं.

"आग आपली नव्हती म्हन," ती म्हणाली. "तुजी चूक हायच. म्या खोटं बोलले तवा तू ल्हान हुतास. मोटा झाल्यावर काय झालंतं? मी दर साल नामाच्या पाया पडत हुते, आन तू दारात हुबा ऱ्हात हुतास."

 

तिनं पदर खोचला. "चल. नामाला सांग. पयलं तुजं सांग, मग मालकाचं. आन पिऊन आलायस ते बी सांग."

आम्ही गेलो. नामामामा जेवायला बसला होता. मी दारातून सांगायला सुरुवात केली. आयनं पाठीला हात लावून मला आत ढकललं. त्याच्यासमोर बसून सांगितलं. विस्तव झाकला नव्हता, हे आधी. आय खोटं बोलली आणि मी तिला बोलू दिलं, हे मग. तो घास हातात धरून ऐकत होता. माळवदाचं सांगितलं तेव्हा त्यानं घास ताटात ठेवला आणि हात धुतला.

माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. आयला म्हणाला, "आक्का, आता पाया पडू नगा." आणि हात पुसत, "गावाला कवा जायाचं?"

सोमवारी मिलनं मला काढलं. काम समाधानकारक नाही, असं मॅनेजर साहेब म्हणाले. गेल्या आठवड्यात ते चांगलं होतं. तालुक्याच्या ठाण्यावर गेलो. प्रकरण जुनं झालं, म्हणाले. आजोबा मेले, फौजदार मेला, आता कुणाला धरू? मी पुढं शाळेत मास्तर झालो. विज्ञान शिकवतो. पुन्हा कधी दारूला शिवलो नाही, पण त्यानं त्या संध्याकाळचे ते घोट पुसले जात नाहीत. आवडले होते ते मला. आयनं मला कधी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मीही मागितलं नाही. माफी मागून मोकळं व्हायचा मला हक्क नव्हता.

एक मात्र त्या रात्री नामामामाच्या घरातून निघताना ठरवलं आणि ते मोडलं नाही. दर चैत्रात, आजी गेली त्या दिवशी, आम्ही गावाला जातो. मालकांच्या दारासमोर उभे राहतो. आरडाओरडा करत नाही. मी नावानं हाक मारतो, 'मालक' लावत नाही, आणि विचारतो, "मल्लिनाथ, तुमच्या आजोबांनी त्या संध्याकाळी तुम्हांला माळवदावर कशाला नेलं होतं?" पहिल्या वर्षी कुत्री सोडली. नंतर दार लावून घ्यायला लागले. आय होती तोवर हात उघडा टाकून माझ्या शेजारी उभी राहायची. नामामामा दुसऱ्या बाजूला. आता ते दोघं नाहीत.

दार बंद असलं तरी आतून ऐकू जातं. मी तेवढ्याच मोठ्यानं विचारतो. उत्तर येईपर्यंत विचारणार. माझ्यानंतर माझी मुलगी विचारील. तिला तो प्रश्न पाठ आहे.